चोविसावी सही

रविवारी सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी बी विंगमध्ये एकदम ओरडा झाला. वरच्या मजल्यावर कोणीतरी ताट बडवलं. जिन्यातून पोरं धावत सुटली. "तेजा परत आली! कॅप्टन तेजा परत आली!"

दीप्तीच्या टीव्हीवरही तीच होती. मागच्या सीझनला यानासकट जळून गेलेली कॅप्टन तेजा धुरातून शांतपणे चालत येत होती. बिल्डिंगचा ग्रुप टणटणत होता. 'रडतोय यार मी.' 'झकास!!!' 'मग आम्ही तेव्हा रडलो ते काय फुकट?'

सात वर्षांची गंधाली तेवढी जागची हलली नाही.

"आई, म्हणजे खरंच आणतात."

"काय आणतात?"

"सह्या केल्या की परत आणतात."

दीप्ती हसली. तेजाला परत आणा म्हणून चार लाख लोकांनी सह्या केल्या होत्या. त्यातली एक गंधालीची, दीप्तीच्या फोनवरून. सगळ्यांनी मनापासून मागितलं तर त्यांना ऐकावंच लागतं, असं दीप्तीच तेव्हा म्हणाली होती, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता.

गंधालीने दप्तरातून गणिताची वही काढली आणि शेवटचं पान उघडून पुढे धरलं. वर लाल स्केचपेनने लिहिलं होतं: 'आमच्या आजोबांना परत आणा. श्री. सीताराम पाटकर, रूम नंबर १२.' खाली ओळीने सह्या.

दीप्तीचं हसू तिथल्या तिथे विरलं.

"हे कधी केलंस?"

"शाळेतून आल्यावर. तुझी मीटिंग असायची ना, तेव्हा. तेवीस झाल्या."

तेवीस. म्हणजे तेवीस माणसांनी दार उघडून हे वाचलं होतं, आणि एकानेही तिला सांगितलं नव्हतं. तिने ओळींवरून बोट फिरवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या दशरथकाकांनी सहीशेजारी लिहिलं होतं, 'सीतारामभाऊ, कॅरमचा डाव तसाच मांडून ठेवलाय.' वॉचमन भीमराजने, 'साहेब, सकाळी हाक मारायला कोणी नाही.' कॉलेजातल्या अनिरुद्धने, 'क्लोन चालणार नाही. ओरिजिनलच पाहिजे.'

दीप्तीने वही मिटली. तिला धास्ती वाटली. सासूबाई आता कुठे सावरत होत्या. आजोबा गेल्यापासूनच्या चार महिन्यांत आज पहिल्यांदाच आपण होऊन पिशवी उचलून मच्छीबाजारात गेल्या होत्या. घरात आजोबांचा विषय कोणी काढत नव्हतं. घर सासूबाईंच्या नावावर करायचे कागद फ्रिजवर पाकिटात तसेच पडले होते. दीप्तीच्या नवऱ्याने, सुयोगने, तीनदा आईच्या हातात पेन दिलं होतं. एकदा त्यांचा चष्मा सापडला नाही, एकदा हात दुखत होता. तिसऱ्यांदा त्या नुसत्याच उठून आत गेल्या होत्या.

"गंधू, ऐक. ही वही आजीला दाखवायची नाही."

"का? तिची सही पाहिजे ना. तिचीच मेन आहे."

"बाळा, तेजा मालिकेतली आहे. ती गोष्ट असते. लिहिणारे..."

"तूच म्हणाली होतीस!"

 तेवढ्यात दाराबाहेर चप्पल काढल्याचा आवाज आला. तिने वही उशीखाली सरकवली, गंधालीने ती तितक्याच वेगाने ओढून काढली.

मालनआजी आत आल्या. पिशवी मोरीत ठेवली, हात धुतले, पदराला पुसत बाहेर येऊन बसल्या. "खाली काय आरडाओरडा चाललाय गो? शिमगो असल्यासारखी पोरां नाचतत."

"तेजा परत आली, आजी."

"ती जळालेली?" आजी टीव्हीकडे बघत राहिल्या. "बरी दिसता की."

"आम्ही सह्या केल्या म्हणून आली. ही बघ." गंधालीने वही आजीच्या मांडीवर ठेवली.

"आई, अहो ते असंच काहीतरी..." दीप्ती पुढे झाली. आजींनी तिच्याकडे न बघता हात वर केला. ती थांबली.

आजींनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. सावकाश वाचलं. दशरथच्या ओळीवर थांबल्या, भीमराजच्या ओळीवर त्याहून जास्त. बाहेर पोरांची आरोळी जिना उतरून खाली गेली. दीप्ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळून त्यांच्या हाताकडे बघत होती. बोटाला एक खवला चिकटून राहिला होता.

"तेजाक किती सह्यो लागल्यो?"

"चार लाख."

"आणि ह्यो किती?"

"तेवीस."

आजींनी शेवटच्या सहीखालची रिकामी ओळ बोटाने चाचपली. मग म्हणाल्या, "पेन दी."

गंधालीने तिचं निळं जेल पेन दिलं. आजींनी वही गुडघ्यावर नीट टेकवली आणि एकेक अक्षर बसवत, मधे न थांबता, पूर्ण सही केली. खाली रेघ ओढली.

गंधालीने वाकून वाचलं. मालन सीताराम पाटकर.

"आजी! तू आजोबांना पण लिहिलंस! त्यांनी नाही करायची गं सही, त्यांच्यासाठी करायचीय."

"माझी सही अशीच आसा, बाय."

गंधाली तरी आजोबांच्या नावाकडे बोट नेऊ लागली. आजींनी ते वरच्या वर पकडलं, आणि अक्षरांवर हलकीशी फुंकर घातली.

"हात लावू नको. शाई वली आसा अजून."