निरोपाची पेनल्टी

ओटाकारने चेंडू पेनल्टीच्या ठिपक्यावर ठेवला, तेव्हा गोलमध्ये उभा असलेला त्याचा जुना दोस्त रादिम डोळा मारत म्हणाला, "मी तुझ्या डावीकडे झेपावतो. तू उजवीकडे मार."

निरोपाच्या सामन्यात असंच असतं. निवृत्त होणाऱ्याला सगळे मिळून शेवटचा गोल करू देतात, मग खांद्यावर घेऊन मिरवतात. पण तेविसाव्या वर्षी ओटाकारचा गुडघा मोडला होता आणि डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, "आता दुसरं काम बघ." त्यानंतर पंधरा वर्षं, बचावपटूंच्या लाथा खात, त्याने एकेक गोल अक्षरशः ओरबाडून घेतला होता. आज ही ओवाळणी त्याला झोंबली.

तो धावत आला आणि त्याने चेंडू मुद्दाम डावीकडेच मारला, थेट रादिमच्या पोटात. प्रागमधल्या त्या भरलेल्या स्टेडियममध्ये कुजबुज सुरू झाली.

"डोकं फिरलंय का तुझं?" रादिम पडल्या पडल्याच म्हणाला.

ओटाकारने त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला. "ऊठ. आता खरंच अडव."

पंचांनी हसून पुन्हा शिट्टी वाजवली. रादिम मात्र हसला नाही. त्याने हातमोज्यांचे पट्टे आवळले. ओटाकारने दुखऱ्या पायानेच सणसणीत फटका हाणला. रादिमने जिवाच्या आकांताने झेप घेतली, त्याची बोटं जेमतेम पोचली आणि चेंडू खांबाला घासून बाहेर गेला.

लोक हळहळले. ओटाकार मात्र दोन्ही मुठी उंचावून त्यांच्यावरच ओरडला, "बघितलंत? मला अडवायला अजून अशी झेप घ्यावी लागते!"