थरथरती रेघ

"मॅडम, फक्त एकतीस टक्के," कलादालनाचा व्यवस्थापक शार्दूल म्हणाला. तिथल्या शैली ओळखणाऱ्या यंत्राने हेमलता आजगावकरांचं नवं व्यक्तिचित्र त्यांचं मानायला नकार दिला होता. आता चित्राखाली 'नक्कल' अशी पट्टी लागणार होती.

"माझ्या हाताने काढलंय मी. तुझ्या यंत्राला विचारून नाही."

"पण तुमची ती थरथरती रेघ कुठेय? लोक तिच्यासाठीच तर येतात. हे बघा, यंत्राने तुमच्या शैलीत काढलेलं. अठ्ठ्याण्णव टक्के!"

पडद्यावरच्या चेहऱ्याच्या हनुवटीच्या रेघेत तोच हिसका होता. हेमलताबाईंच्या कंपवाताच्या सहा वर्षांत त्याच हिसक्याने घासागणिक वरण अंगावर सांडायचं आणि सून ते पुसायची. नव्या औषधाने हात स्थिर झाला, त्या दिवशी हेमलताबाई संध्याकाळपर्यंत नुसत्या सरळ रेघा काढत बसल्या होत्या.

शार्दूलने आवाज खाली आणला. "दोन दिवस गोळी नाही घेतली, तर जमेल?"

हेमलताबाईंनी पर्समधली गोळी काढून त्याच्यासमोरच गिळली. मग चित्राखाली सावकाश, ठसठशीत सही केली.

"लाव तुझी पट्टी," त्या म्हणाल्या.