मिस ओपलच्या नावाखाली

“नीट धर. बोटांवर बसला तर हॉस्पिटलात काय सांगशील?”

मिस ओपलनं घण उचलला. नॅडीननं दोन्ही हातांनी खांब घट्ट धरला आणि डोळे मिटून घेतले. धप्प. टेक्ससमधल्या बोमाँट गावच्या चिकट काळ्या मातीत खांब बोटभर आत गेला. वर ‘घर विकणे आहे’ची पाटी डुलली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत नाव होतं, ओपल गिड्री.

नॅडीन रात्रपाळी संपवून थेट इथे आली होती. अंगावर हॉस्पिटलचे निळे कपडे तसेच होते. घरं विकण्याची परीक्षा ती पास झाली होती, लायसन्सही आलं होतं. पण टेक्ससमध्ये कुणी ब्रोकर आपल्या नावाखाली घेईपर्यंत ते लायसन्स झोपलेलंच असतं. गिऱ्हाइकाला घर दाखवता येत नाही, किमतीची बोलणी करता येत नाहीत. आणि तिला घ्यायला कुणी तयार नव्हतं.

“बाकीच्या ब्रोकरांनी का नको म्हटलं?” मिस ओपलनं दम खात विचारलं. सत्तरीची बाई, डोक्यावर गवती टोपी, पायात रबरी बूट. भेटायचं असेल तर कामावरच ये, असं तिनं फोनवर बजावलं होतं.

गाडी चालवताना नॅडीननं चांगली चांगली वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता आठवेना.

“एकजण म्हणाले, अर्धवेळ माणसं मला नकोत. हॉस्पिटल सोड, मग ये. दुसरे फार गोड बोलले. कॉफी पाजली. नंतर फोनच उचलला नाही.”

“आणि?”

हे सांगायचंच नाही, असं तिनं वाटेत ठरवलं होतं.

“आणि मी स्वतःसाठीही घरं घेते, मिस ओपल. मोडकी घेते, दुरुस्त करते, भाड्यानं देते. ते ऐकल्यावर तिसऱ्या बाईंचा चेहराच उतरला. म्हणाल्या, उद्या तू कुणा म्हातारीचं घर स्वस्तात लाटशील आणि कोर्टात मी उभी राहीन.”

मिस ओपलनं घण खाली टेकवला.

“बरोबरच बोलली ती.”

नॅडीनचे हात खांबावर तसेच राहिले. संपलं, तिला वाटलं. निदान खांब तरी सरळ लागू दे.

“घर घेताना मालकाला काय सांगतेस?”

“की मी माझ्यासाठी घेतेय, नफ्यासाठी घेतेय. दुसरीकडे विचारून या.”

“आणि खरंच विचारून आले म्हणजे?”

“आले ना! मिस्टर लेडे. त्यांनी घर पुतणीला देऊन टाकलं. माझी स्वयंपाकघराची मापं घेऊन झाली होती. फरशीचा रंगसुद्धा ठरला होता.”

“रडलीस?”

“गाडीत. थोडीशी.”

मिस ओपल इतकी हसली की टोपी मानेवर घसरली. ती तशीच राहू देत ती म्हणाली, “हे बघ पोरी. माझ्याकडे पूर्णवेळवाले आहेत. माणसं चांगली आहेत. पण महिनाअखेर जवळ आली की त्यांना प्रत्येक घर छान दिसायला लागतं. तुझा पगार दुसरीकडून येतो. हे घर घेऊ नका, असं तू गिऱ्हाइकाला तोंडावर सांगू शकतेस. अशी एक मला हवीच होती.”

नॅडीननं खांबावरचा चिखल अंगठ्यानं पुसला.

“पण ऐक. स्वतःसाठी काही घेणार असलीस तर सही करण्याआधी मला फोन. तू चूक केलीस तर ती माझ्या नावावर जाते. त्यामुळे ती सगळ्यांत आधी मला कळली पाहिजे. कबूल?”

“कबूल.”

“मग काढ तुझा फोन. माझे हात चिखलाचे आहेत.”

तिथंच, त्या खांबाशी उभं राहून, नॅडीननं तिच्या नावाखाली येण्याचा अर्ज पाठवला. मिस ओपलनं आपल्या फोनवर करंगळीनं मंजुरी दिली, कारण तेवढं एकच बोट कोरडं होतं. नॅडीनला आपल्या फोनकडे बघवेना.

“वाचा ना तुम्हीच.”

“चालू,” मिस ओपलनं वाचलं. “चालू झालं गं तुझं लायसन्स.”

नॅडीन मटकन गवतात बसली आणि हसायला लागली.

“ऊठ, ऊठ! तिथं मुंग्या आहेत!”

ती कपडे झटकत उठली, तोवर फाटकाशी एक गाडी येऊन थांबली होती. एक तरुण जोडपं उतरलं. घर बघता येईल का, म्हणून नवऱ्यानं विचारलं. मिस ओपलनं खिशातून किल्ली काढली आणि नॅडीनच्या हातावर ठेवली.

“या दाखवतील.”

पायऱ्यांकडे जाताना तो माणूस नॅडीनच्या निळ्या कपड्यांकडे बघत होता. “किती वर्षं आहात या धंद्यात?”

“आत्ताच आले. तुम्ही गाडी लावत होता ना, तेव्हा.”

तो मोठ्यानं हसला. त्याची बायको हसली नाही. “मग अजून खोटं बोलायची सवय लागली नसेल. खरं सांगा, या घरात पुराचं पाणी आलं होतं?”

नॅडीननं मागं पाहिलं. मिस ओपल त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. हात कमरेवर ठेवून ती खांब सरळ लागलाय का, ते बघत होती.

“आलं होतं,” नॅडीन म्हणाली. खाली वाकून तिनं दाराशेजारच्या विटांवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर पाण्यानं ठेवलेल्या फिकट रेघेला तळहात टेकवला. “इथपर्यंत. या आत, बाकीचंही दाखवते.”