पहिला खर्डा

सोमवारी सकाळी साडेअकराला रमिला गावित विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे उभी राहिली. आठवडे बाजारातल्या विक्रेत्या बायांवरचा तिचा पीएचडीचा प्रबंध एआयने लिहिल्याचा निर्वाळा तपासणीच्या सॉफ्टवेअरने दिला होता. आरोप टिकला तर सहा वर्षं पाण्यात.

“सगळं मीच लिहिलंय, मॅडम,” म्हणत तिने पहिला खर्डा पुढे केला. त्यात पानोपानी तिची नंदुरबारकडची बोली होती आणि त्या बोलीवर मार्गदर्शक खरवंडीकर सरांच्या लाल रेघा. “हे गावठी काढ, शुद्ध लिही,” म्हणत त्यांनी तिच्याकडून तो चार वेळा लिहून घेतला होता.

अध्यक्षबाईंनी खर्डा आणि प्रबंध शेजारी ठेवले. “असं लिहिणारी मुलगी इतकं साफ लिहील? अगं, पुरावा तूच आणलास की!”

दोघे सदस्य हसले. रमिला शेजारी बसलेल्या सरांकडे वळली. “सर, सांगा ना. तुम्हीच सुधारून घेतलंत.”

“रेघा माझ्याच,” सर म्हणाले. “पण घरी जाऊन हिने काय केलं, ते मी कसं सांगणार?”

समितीने निर्णय राखून ठेवला आहे. रमिलाच्या नोंदणीची मुदत शुक्रवारी संपते.