मधली सीट

माझ्या गाडीत लाड नाहीत. सगळ्यांचे पट्टे लागल्याशिवाय गाडी जागची हलत नाही.

त्या दुपारी शाळेबाहेर मुलीने पट्टा लावला, धाकट्याने लावला, तरी गाडी पीं पीं करतच राहिली. मागच्या मधल्या सीटचा दिवा लाल होता. तिथे कोणीच नव्हतं, साधं दप्तरही नाही.

मी आरशात बघून दरडावलं, "बसायचं तर पट्टा लावायचा. मग कोणी का असेना."

खट् झालं. पीं पीं थांबली. मुलांनी सरकून जागा करून दिली.

घरी पोचल्यावर दोघांना आधी आत पिटाळलं. मधला पट्टा ताणलेलाच होता.

"तू इथेच थांबायचं," म्हणत मी गाडी लॉक केली आणि उंबरठ्यावर पाय रोवून उभी राहिले.

बंद गाडीत पट्टा सुटल्याचा आवाज झाला.