अक्कांना समजत नाही

"सर, मला नाही कळलं."

विद्यालक्ष्मीनं पुन्हा हात वर केला, तशी वर्गात खसखस पिकली. कृष्णस्वामी सरांनी हातातला माप घ्यायचा व्हर्निअर टेबलावर ठेवला.

"काय अम्मा, तिसऱ्यांदा सांगतोय. वरच्या पट्टीवर बारा. खालची तिसरी रेघ वरच्या रेघेशी जुळली. एका रेघेचे पॉइंट शून्य दोन, तीन रेघांचे पॉइंट शून्य सहा. झाले बारा पॉइंट शून्य सहा. यात न कळण्यासारखं आहे काय?"

"ते मधलं शून्य कशाला? बारा पॉइंट सहा लिहिलं तर काय बिघडलं?"

"चांगली पिन भंगारात जाईल, आणि तिच्या पाठोपाठ तुम्ही!"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. चेन्नईतल्या गिंडीच्या त्या प्रशिक्षण केंद्रात शाळा अर्ध्यावर सुटलेल्या बायकांना कारखान्यातला माल तपासायला शिकवत. विद्यालक्ष्मीचं काम एवढंच, की त्यांच्याबरोबर बाकावर बसायचं आणि त्यांना जे विचारायची लाज वाटते ते आपण विचारायचं. हे ठाऊक फक्त सरांना आणि तिला. बायकांच्या लेखी ती बसचा पास काढून देणारी, पाळणाघराची किल्ली सांभाळणारी, हिशेबात कच्ची अक्का. तंजावरी मराठी घरात आजोबांनी तिच्याकडून पावकी-निमकी घोकून घेतली होती, पुढे ती गणितात एम.एस्सी. झाली, हे इथं सांगायची वेळच आली नव्हती. सरांनी वैतागायचं, हेही ठरलेलं. आज मात्र ते खरंच वैतागले होते.

शेजारी अलमेलू बसली होती. केंद्राकडून मिळालेला निळा कोट अंगात नव्हता, परत करायला घडी करून मांडीवर होता. समोरच्या कागदावर बारा पॉइंट सहा लिहून तिनं पेन्सिल खाली ठेवली होती. सकाळी लेकीला झोळीत निजवतानाच ती म्हणाली होती, "आजचा दिवस, अक्का. उद्या परीक्षेला येत नाही. सातवीत सुटलेलं गणित आता काय डोक्यात शिरणार? एन्नोरला मासळी निवडायचं काम आहेच." विद्यालक्ष्मी तिला समजवायला गेली नाही. ऐकणारी नव्हती ती.

पेन्सिल अजून खालीच होती.

"सर," विद्यालक्ष्मी म्हणाली, "मला अजून नाही कळलं."

"मग घरी जा आणि इडलीचं पीठ वाटा!"

वर्ग खदखदून हसला. अलमेलू हसली नाही.

वर्ग सुटला. विद्यालक्ष्मी एकेक व्हर्निअर पुसून डब्यात ठेवत होती. अलमेलू लेकीला कडेवर घेऊन आली, कोट टेबलावर ठेवला, आणि तिथंच घुटमळली.

"रडलात का, अक्का?"

"छे गं."

"सर तसेच. त्यांना आपल्यासारख्यांचं काय कळणार? बसा इथं. हिला धरा जरा."

तिनं लेकीला विद्यालक्ष्मीच्या मांडीवर दिलं. खडू घेऊन टेबलावरच बारा लिहिलं, टिंब दिलं, थोडी जागा सोडून सहा लिहिलं.

"आपण बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकतो की नाही सीटवर? माणूस यायचंय अजून, पण जागा धरलेली." लेकीच्या झबल्याला टाचलेला रुमाल काढून तिनं मोकळ्या जागेत ठेवला. "हे शून्य म्हणजे तो रुमाल. इथं कुणी नाही, पण जागा आहे. रुमाल काढला तर काय होईल? मागचा सहा लगेच पुढं येऊन बसेल. आणि मग..."

ती थांबली. टेबलाकडे बघत राहिली. ओठ हलले, "बारा... पॉइंट... शून्य सहा."

मग एकदम विद्यालक्ष्मीकडे वळली, जरा दटावूनच म्हणाली, "कळलं का आता?"

विद्यालक्ष्मीनं मांडीवरच्या पोरीच्या केसांतून बोटं फिरवली. गरम होतं डोकं, झोपेतून उठलेल्या मुलांचं असतं तसं.

"थोडं थोडं," ती म्हणाली. "उद्या परीक्षेच्या आधी परत एकदा सांगशील?"

अलमेलूनं तिच्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं.

"तुमचं काही खरं नाही, अक्का."

पोरीला तिनं कडेवर घेतलं, कोट उचलून खांद्यावर टाकला आणि गाडी गाठायला झपाझप निघून गेली.

रुमाल टेबलावरच राहिला होता, टिंबाच्या आणि सहाच्या मधे. विद्यालक्ष्मीनं फडकं ओलं करून आणलं आणि तेवढी जागा सोडून सगळं टेबल पुसून काढलं.