पाचवं पान

फाइल तपासायला आजोबांकडे दिली आणि वर्गात पोचल्यावर आठवलं, पाचवं पान आतच राहिलंय.

बाईंनी सांगितलं होतं, घरातल्या एकाच माणसावर पाच साहित्यप्रकारांत लिहा. पत्र, कविता, मुलाखत, नाट्यछटा सगळेच लिहिणार होते. कुणालाच सुचणार नाही असं काहीतरी हवं म्हणून मी आजोबांची निधनवार्ता लिहिली. आजोबा एक्क्याऐंशी वर्षांचे, अंथरुणाला खिळलेत, पण आहेत. वर्तमानपत्राची प्रुफं तपासण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली, म्हणून माझं प्रत्येक पान आधी त्यांच्याकडे जातं.

संध्याकाळी त्यांच्यासमोर मान वर करवेना.

"चार पानं ठीक आहेत," ते म्हणाले. "पाचव्यात चूक आहे. 'अल्पशा आजाराने निधन' कसं लिहिलंस? दोन वर्षं तुझी आई माझं सगळं करतेय, ते कुठे गेलं?"

"मी फाडते ते पान, आजोबा."

"कशाला? बातमी चांगली उतरलीय."

पान उघडलं. 'अल्पशा' खोडून वर पेन्सिलीने 'दीर्घ' केलं होतं. आणि मी लिहिलेल्या 'वय ८१'समोर, समासात, त्यांच्या थरथरत्या अक्षरात एक सूचना होती: 'छापण्यापूर्वी पुन्हा तपासावे.'